बिंदूवर एकवटलेला विभव : त्याचा स्वयंसंलग्न ऑपरेटर कसा उभारावा

अणुकेंद्रीय बलाचा पल्ला एक-दोन फेमटोमीटरचा असतो, तर खोलीच्या तापमानाला आलेल्या न्यूट्रॉनची तरंगलांबी सुमारे १.८ अँगस्ट्रॉम, म्हणजे त्या पल्ल्याच्या लाखपट, भरते. इतक्या लांब तरंगाला प्रोटॉनभोवतीच्या विभवाचा आकार जाणवतच नाही. प्रोटॉन त्याच्या दृष्टीने केवळ एक बिंदू असतो. म्हणूनच बेथे आणि पायर्ल्स यांनी १९३५ साली ड्यूटेरॉनचा, म्हणजे एक प्रोटॉन व एक न्यूट्रॉन यांच्या बद्ध जोडीचा, विचार करताना विभव समीकरणातून काढून टाकला आणि त्याच्या जागी तरंगफलनावर त्या बिंदूपाशी एक अट घातली. १९३६ साली फर्मी यांनी हायड्रोजनयुक्त पदार्थांतून जाणाऱ्या संथ न्यूट्रॉनांसाठी जवळजवळ हीच युक्ती वापरली. आजचा विद्यार्थी मात्र हा विषय बहुधा ‘ऋण लाप्लासियन अधिक ज गुणिले डेल्टा’ अशा बेरजेच्या रूपात (डेल्टा म्हणजे एकाच बिंदूवर एकवटलेले, समाकल १ असलेले डिराकचे फलन, आणि ज म्हणजे त्याची तीव्रता ठरवणारा जोडस्थिरांक) प्रथम पाहतो, आणि त्रिमितीत ही बेरीज मांडता येत नाही हे त्याला बरेच उशिरा कळते.

प्रस्तुत मार्गदर्शिकेत हा ऑपरेटर पायरीपायरीने कसा उभारावा, तो स्वयंसंलग्न, म्हणजे डोमेनसकट आपल्या संलग्न ऑपरेटरशी एकरूप, आहे याची खात्री कशी करावी आणि त्यातून प्रत्यक्ष आकडे कसे काढावेत, हे दाखवले आहे. हिल्बर्ट अवकाश, फूरिए रूपांतर आणि सोबोलेव अवकाश यांची वाचकाला ओळख आहे असे धरले आहे. प्लांकचा लघुकृत स्थिरांक आणि वस्तुमानाची दुप्पट या दोन्ही राशी १ मानल्या आहेत, म्हणजे मुक्त ऑपरेटर हा नुसता ऋण लाप्लासियन होय. ‘ई’ हा नैसर्गिक लॉगरिथमचा पाया, ‘र’ हे आरंभबिंदूपासूनचे अंतर आणि ‘क’ ही कोणतीही धन संख्या समजावी. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो: या विषयात बेरीज करायची नसते, डोमेन, म्हणजे ऑपरेटर ज्या फलनांवर चालतो त्यांचा संच, बदलायचे असते. ज्याने हे मनावर घेतले नाही, त्याची पुढची सगळी गणिते अनंताशी झगडण्यातच जातात.

विक्षोभ किती सिंग्युलर आहे ते आधी ठरवा

डेल्टाचे फूरिए रूपांतर हा एक स्थिरांक असतो. त्यामुळे क्रम ‘श’ असलेल्या सोबोलेव अवकाशावर डेल्टा हे परिबद्ध रेषीय फलनक असण्यासाठी (१ + संवेग²)^(−श) या राशीचा संपूर्ण संवेग-अवकाशावरील समाकल सांत असावा लागतो, आणि मितीनुसार समाकल काढून पाहिला तर अट अशी निघते की श हा मितीच्या निम्म्याहून मोठा हवा. ऋण लाप्लासियनचे स्वतःचे डोमेन क्रम २ चे आहे आणि त्याच्या द्विघाती रूपाचे, म्हणजे ऊर्जेच्या सरासरीचे, डोमेन क्रम १ चे आहे. या दोन आकड्यांशी मितीचे निम्मे ताडून पाहिले की सगळे चित्र स्पष्ट होते.

एक मितीत निम्मे म्हणजे अर्धा, तो १ पेक्षा लहान. म्हणून ऊर्जारूपात डेल्टा थेट मिळवता येतो आणि बेरीज खरोखरच अर्थपूर्ण असते. दोन व तीन मितींत निम्मे अनुक्रमे १ आणि १.५ येते, ऊर्जारूपाच्या डोमेनवर डेल्टाला अर्थ नाही, पण ऑपरेटरच्या डोमेनवर आहे. चार किंवा अधिक मितींत निम्मे २ किंवा त्याहून मोठे असते, आणि तेथे आरंभबिंदूच्या शेजारी शून्य होणाऱ्या गुळगुळीत फलनांवर घेतलेला लाप्लासियन आपोआपच सारतः स्वयंसंलग्न ठरतो, म्हणजे त्याचा स्वयंसंलग्न विस्तार एकच असतो. म्हणजे चार मितींपासून पुढे बिंदूला हात लावायला वावच उरत नाही. तसा कोणताही ऑपरेटर नाही, मग कोणी कितीही चतुराईने स्थिरांक निवडला तरी.

एक मितीचे काम थोडक्यात उरकते. तरंगफलन सलग राहते, त्याच्या अवकलजाची उडी ज गुणिले बिंदूवरील मूल्याइतकी असते, आणि ज ऋण असेल तर −ज² ÷ ४ या ऊर्जेची एकच बद्ध अवस्था मिळते. क्रोनिग आणि पेनी यांचे १९३१ मधील स्फटिकाचे प्रारूप अतिअरुंद विभवांच्या टोकाच्या स्थितीत अशाच बिंदूंच्या आवर्ती रांगेचे होते. येथे सावध राहण्यासारखी जागा एकच आहे, ती म्हणजे डेल्टाचा अवकलज विभव म्हणून वापरणे. अवकलजाला दीडपेक्षा मोठा क्रम लागतो, त्यामुळे एक मितीत असूनही तो त्रिमितीय डेल्टाच्याच वर्गात जाऊन बसतो, आणि ‘डेल्टा-प्राइम विभव’ या नावाखाली वेगवेगळे लेखक वेगवेगळ्या सीमा-अटी लिहितात. असे नाव दिसले की लेखकाने लिहिलेली सीमा-अट शोधावी आणि नावाकडे दुर्लक्ष करावे.

त्रिमितीत डोमेन कसे घडवावे

पहिली कृती वजाबाकीची आहे. क्रम २ च्या सोबोलेव अवकाशातील फलने त्रिमितीत सलग असतात, म्हणून आरंभबिंदूवरील त्यांच्या मूल्याविषयी बोलता येते. त्यांपैकी ज्यांचे मूल्य तेथे शून्य आहे तेवढीच ठेवावीत. या फलनांवर डेल्टाचा काहीही परिणाम होऊ शकत नाही, मग जोडस्थिरांक कितीही असो. म्हणून जो ऑपरेटर आपण शोधत आहोत तो या फलनांवर ऋण लाप्लासियनच असला पाहिजे. असा मर्यादित केलेला ऑपरेटर सममित असतो, पण स्वयंसंलग्न नसतो, कारण त्याचे डोमेन फार आखूड झालेले असते. फोन नॉयमन यांनी १९२९-३० च्या सुमारास दाखवलेल्या सिद्धांतानुसार अशा ऑपरेटरचे स्वयंसंलग्न विस्तार किती हे त्याच्या न्यूनता-निर्देशांकांवरून, म्हणजे ±√(−१) या मूल्यांसाठी त्याच्या संलग्न ऑपरेटरची स्वतंत्र आयगेनफलने किती यावरून, कळते. येथे ते (१, १) आहेत, त्यामुळे विस्तारांचे एक वास्तव प्राचल असलेले कुल मिळते.

दुसरी कृती म्हणजे डोमेनमध्ये कोणते नवे फलन आणायचे ते शोधणे. आरंभबिंदू सोडून सर्वत्र (ऋण लाप्लासियन अधिक क²) लावल्यावर शून्य देणारे आणि तरीही वर्ग-समाकलनीय असे फलन हवे. ते हे:

ग(र) = ई^(−कर) ÷ र

आरंभबिंदूपाशी ते अनंताकडे जाते, पण त्रिमितीतील घनफळाच्या घटकात र² असल्यामुळे त्याच्या वर्गाचा समाकल सांत राहतो. त्यावर (ऋण लाप्लासियन अधिक क²) वितरणांच्या अर्थाने लावले तर ४पाय (पाय म्हणजे π) गुणिले डेल्टा मिळतो. अनेक ग्रंथकार या फलनाला ४पायने भागून घेतात. मी तसे केलेले नाही, कारण त्यामुळे पुढच्या प्रत्येक सूत्रात पाय येतो आणि विषयाच्या गाभ्यात त्याचे काही काम नाही. दुसऱ्या लेखनाशी सूत्रे ताडून पाहताना हा फरक तेवढा लक्षात ठेवावा.

आता डोमेन लिहिता येते. क्रम २ च्या अवकाशातील कोणतेही ‘फ’ आणि कोणतीही संमिश्र संख्या ‘भ’ घ्यावी, आणि वास्तव प्राचल ‘अ’ एकदाच ठरवून टाकावे:

प = फ + भ·ग,  अट : फ(०) = (अ + क)·भ

(ह + क²) प = (ऋण लाप्लासियन + क²) फ

दुसरी ओळ ऑपरेटर ‘ह’ ची व्याख्या आहे. ऑपरेटर नियमित भागावर मुक्त ऑपरेटरसारखाच चालतो आणि सिंग्युलर भागाकडे जणू पाहतच नाही. सगळा विक्षोभ डोमेनच्या अटीत सामावलेला आहे. यात क मनाने निवडलेला आहे, मग ऑपरेटर त्याच्यावर अवलंबून नाही ना, अशी शंका येणे रास्त आहे. क च्या जागी दुसरी धन संख्या घेतली तर दोन ग-फलनांची वजाबाकी क्रम २ च्याच अवकाशात बसते, कारण १ ÷ र हा भाग कटून जातो, आणि आरंभबिंदूवर तिचे मूल्य नव्या व जुन्या संख्येतील फरकाइतके येते. तो फरक फ मध्ये सामावून घेतला की अटीतील क आपोआप नव्या संख्येने बदलला जातो आणि अ जसाच्या तसा राहतो. ही पडताळणी दोन ओळींची आहे, पण स्वतः करून पाहावी. अ हा भौतिक प्राचल आहे आणि क केवळ हिशेबाची सोय आहे, हे तिच्याशिवाय पटत नाही.

हीच अट ग चा आरंभबिंदूपाशी विस्तार करून लिहिली तर बेथे-पायर्ल्स यांच्या रूपात येते: आरंभबिंदूजवळ प हे भ·(१ ÷ र + अ) सारखे वागते. प्रकीर्णनाच्या भाषेत कंसातील राशी १ ÷ र − १ ÷ स अशी लिहितात, जेथे स ही प्रकीर्णन-लांबी, म्हणजे अतिशय कमी ऊर्जेला प्रकीर्णन किती होते ते सांगणारी लांबी, होय. म्हणून अ = −१ ÷ स. हे समीकरण या संपूर्ण विषयातील सर्वांत उपयुक्त आहे असे माझे मत आहे, कारण विस्ताराच्या अमूर्त प्राचलाला ते प्रयोगशाळेत मोजता येणाऱ्या लांबीशी बांधते.

स्वयंसंलग्नतेची खात्री

येथे न्यूनता-अवकाश पुन्हा उकरून काढण्याची गरज नाही. दोन छोट्या गोष्टी पुरतात. पहिली सममितता. डोमेनमधील दोन फलने घ्यावीत, त्यांचे भाग फ₁, भ₁ आणि फ₂, भ₂ मानावेत, आणि पहिल्याचा (ह + क²) लावलेल्या दुसऱ्याशी अंतर्गुणाकार काढावा. फ₁ चा भाग मुक्त ऑपरेटरचा नेहमीचा सममित भाग देतो. ग चा भाग फ₂ वर चालवलेल्या डेल्टासारखा वागून ४पाय·फ₂(०) देतो, आणि अटीमुळे फ₂(०) च्या जागी (अ + क)·भ₂ लिहिता येते. एकूण जादा पद ४पाय·(अ + क) गुणिले भ₁ ची संयुग्मी गुणिले भ₂ असे येते. अ वास्तव असल्यामुळे १ आणि २ यांची अदलाबदल केली की हे पद आपल्या संयुग्मीत बदलते, हीच सममितता.

दुसरी गोष्ट म्हणजे (ह + क²) हा ऑपरेटर संपूर्ण हिल्बर्ट अवकाश व्यापतो हे दाखवणे. सममित ऑपरेटरमध्ये एखादी वास्तव संख्या मिळवल्यावर त्याची व्याप्ती संपूर्ण अवकाशाइतकी होत असेल तर तो स्वयंसंलग्न असतो. दिलेल्या कोणत्याही फलनासाठी मुक्त रिझॉल्व्हन्ट, म्हणजे (ऋण लाप्लासियन + क²) चा व्यस्त ऑपरेटर, लावून फ काढावे, मग फ(०) ला (अ + क) ने भागून भ काढावा. अ + क शून्य नसेल एवढीच काळजी घ्यायची, आणि क आपल्याच हातात आहे. म्हणजे खात्री करता करता रिझॉल्व्हन्टही हाती येतो:

(ह + क²)⁻¹ = मुक्त रिझॉल्व्हन्ट + [१ ÷ (४पाय·(अ + क))] × (ग वरील एक-श्रेणी ऑपरेटर)

क्राइन यांनी १९४० च्या दशकात मांडलेल्या सामान्य सूत्राचा हा सर्वांत साधा नमुना आहे. दोन रिझॉल्व्हन्टांमधील फरक एक-श्रेणी आहे, म्हणजे त्याचे उत्तर नेहमी ग च्याच पटीत येते, एवढीच गोष्ट मनात ठेवली तरी सूत्र पुन्हा उभे करता येते.

वर्णपट वाचणे आणि एक गैरसमज

रिझॉल्व्हन्टचा छेद शून्य होतो तेथे बद्ध अवस्था असते. अ + क = ० यातून क = −अ; क धन हवा, म्हणून अ ऋण असेल तेव्हाच, आणि तेव्हा एकच, बद्ध अवस्था मिळते. तिची ऊर्जा −अ², म्हणजे −१ ÷ स², आणि तरंगफलन ई^(−र÷स) ÷ र. बाकीचा वर्णपट शून्यापासून अनंतापर्यंत निरपेक्ष सलग राहतो. तरंगसंख्या ‘व’ असलेल्या तरंगासाठी प्रकीर्णन-आयाम १ ÷ (अ − √(−१)·व) आणि एकूण प्रकीर्णन-छेद ४पाय ÷ (अ² + व²) येतो. प्रकीर्णन फक्त शून्य कोनीय संवेगाच्या तरंगाचे होते. इतर तरंग आरंभबिंदूपाशी आधीच शून्य असल्याने त्यांना काही कळत नाही.

अ ऋण असता बद्ध अवस्था आणि धन असता नाही, यावरून ‘अ धन म्हणजे प्रतिकर्षण’ असा निष्कर्ष अनेक जण काढतात. तो चूक आहे. रिझॉल्व्हन्टच्या सूत्राकडे पुन्हा पाहावे: क पुरेसा मोठा घेतला की जादा पद नेहमी धन असते, मग अ कोणताही असो. रिझॉल्व्हन्ट मोठा याचा अर्थ ऑपरेटर लहान. म्हणजे कुलातील प्रत्येक ऑपरेटर मुक्त ऑपरेटरच्या खालीच आहे. मुक्त ऑपरेटर अ = अनंत या टोकाला बसतो आणि तो या कुलातील सर्वांत मोठा, म्हणजे फ्रीड्रिक्स विस्तार आहे. अ = ० हा ऋणेतर विस्तारांतील सर्वांत लहान, म्हणजे क्राइन विस्तार आहे. त्रिमितीत बिंदूवर एकवटलेले प्रतिकर्षण नावाची गोष्ट नाही. अ धन असणे म्हणजे आकर्षण आहे, पण ते बद्ध अवस्था निर्माण करण्याइतके नाही, एवढेच.

दोन मितींत हीच कृती १ ÷ र च्या जागी लॉगरिथम घेऊन होते आणि तेथे निकाल वेगळा लागतो: अ चे कोणतेही सांत मूल्य घेतले तरी एक बद्ध अवस्था असतेच. त्यामुळे द्विमितीत मुक्त ऑपरेटर वगळता मोजपट्टी बदलल्यावर न बदलणारा एकही बिंदू-विभव नाही, तर त्रिमितीत अ = ० हा तसा आहे.

बेरजेचे नेमके काय होते

ज्यांना मूळ बेरीज सोडवत नाही त्यांच्यासाठी बेरेझिन आणि फाद्देयेव यांनी १९६१ साली मार्ग दाखवला. डेल्टाच्या फूरिए रूपांतरातील ‘म’ या मर्यादेपलीकडचे संवेग कापून टाकावेत. मग विक्षोभ साधा एक-श्रेणी परिबद्ध ऑपरेटर होतो आणि त्याचा रिझॉल्व्हन्ट सरळ लिहिता येतो. छेदात १ ÷ ज आणि १ ÷ (संवेग² + क²) चा समाकल यांची बेरीज येते. तो समाकल म मोठा असताना म ÷ (२पाय²) − क ÷ (४पाय) इतका भरतो. पहिला भाग म बरोबर अमर्याद वाढतो, म्हणून ज स्थिर ठेवला तर मर्यादा हटवताच विक्षोभ नाहीसा होतो. तो टिकवायचा असेल तर ज ही म बरोबर असा बदलावा लागतो:

१ ÷ ज = −अ ÷ (४पाय) − म ÷ (२पाय²)

म अनंताकडे जाताना ज ऋण राहून शून्याकडे जातो. म्हणजे त्रिमितीय डेल्टाचा जोडस्थिरांक ‘अनंतसूक्ष्म आणि आकर्षक’ आहे, आणि अ ही माहिती त्या अनंतसूक्ष्माच्या दुसऱ्या पदात दडलेली आहे. पुंज क्षेत्र सिद्धांतात ज्याला पुनःप्रसामान्यीकरण म्हणतात त्याचा इतका स्वच्छ आणि पूर्णपणे सिद्ध करता येण्याजोगा नमुना दुसरा क्वचितच सापडेल.

हेच खऱ्या विभवावर पाहायचे असेल तर त्रिज्या ब असलेली चौकोनी विहीर घ्यावी आणि तिची खोली ख² मानावी. तिची प्रकीर्णन-लांबी स = ब − टॅन(ख·ब) ÷ ख हे कोणत्याही प्राथमिक पुस्तकातील सूत्र आहे. आता ब शून्याकडे न्यावा. ख·ब हा गुणाकार ‘सामान्य’ मूल्यावर स्थिर ठेवला तर स शून्याकडे जाते आणि हाती मुक्त ऑपरेटर उरतो. तो पाय ÷ २ च्या अगदी जवळ, म्हणजे विहिरीत बद्ध अवस्था जेमतेम येऊ घातली आहे अशा उंबरठ्यावर, ठेवला तरच टॅन मोठा होऊन स टिकते. नेमकी खोली पाय² ÷ (४ब²) − २अ ÷ ब अशी निघते. खोली ब च्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आणि घनफळ घनाच्या प्रमाणात असल्याने विभवाचा एकूण समाकल शून्याकडेच जातो, हे वरच्या ज शी जुळते. याउलट कोणी पाठ्यपुस्तकी व्याख्येप्रमाणे समाकल स्थिर ठेवून, म्हणजे खोली १ ÷ ब³ च्या प्रमाणात वाढवून, डेल्टा गाठायला गेला तर ख·ब अमर्याद वाढतो, एकामागून एक बद्ध अवस्था खाली कोसळत राहतात आणि कोणतीही सीमा सापडत नाही. विहिरीऐवजी टेकडी घेतली तर प्रकीर्णन-लांबी शून्य आणि ब यांच्या दरम्यान अडकलेली असते, म्हणून ती शून्यच होते. बिंदूवरचे प्रतिकर्षण नसते याचा हा दुसरा, अधिक हाताशी असलेला पुरावा.

आकडे घालून पाहणे

न्यूट्रॉन-प्रोटॉन जोडीसाठी प्लांकच्या लघुकृत स्थिरांकाचा वर्ग भागिले न्यूनीकृत वस्तुमानाची दुप्पट ही राशी सुमारे ४१.५ दशलक्ष-इलेक्ट्रॉनव्होल्ट-फेमटोमीटर² आहे. दोन्ही फिरकी समांतर असताना प्रकीर्णन-लांबी ५.४२ फेमटोमीटर मोजली गेली आहे. ती धन आहे, अ ऋण आहे, म्हणून बद्ध अवस्था असलीच पाहिजे, तीच ड्यूटेरॉन. बिंदू-प्रारूपानुसार तिची बंधनऊर्जा ४१.५ ÷ ५.४२², म्हणजे सुमारे १.४ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. प्रत्यक्षात ती २.२२ आहे. एका आकड्यावर उभ्या असलेल्या प्रारूपासाठी हे वाईट नाही, पण चांगलेही म्हणता येणार नाही, आणि कारण उघड आहे: बलाचा परिणामी पल्ला सुमारे १.७५ फेमटोमीटर, म्हणजे प्रकीर्णन-लांबीच्या जवळजवळ एक तृतीयांश आहे. बिंदू-विभव वापरण्यापूर्वी हे गुणोत्तर तपासणे ही सवयच लावून घ्यावी.

फिरकी विरुद्ध असताना प्रकीर्णन-लांबी −२३.७ फेमटोमीटर आहे. अ धन, म्हणून बद्ध अवस्था नाही. संथ न्यूट्रॉनचा मुक्त प्रोटॉनवरील प्रकीर्णन-छेद तीनास एक या प्रमाणात दोन्ही मूल्ये मिसळून ४पाय·(३ × ५.४२² + २३.७²) ÷ ४ असा येतो, आणि तो सुमारे २०.४ बार्न (१ बार्न = १०० फेमटोमीटर²) भरतो. केवळ पहिल्या लांबीने तो ३.७ बार्नच आला असता. मोजलेले मूल्य २०.४ च्या जवळपासच आहे. अर्थात २३.७ हा आकडा अशाच मोजमापांतून निघालेला असल्यामुळे ही स्वतंत्र कसोटी नव्हे, पण प्राचलाचे चिन्ह किती बोलके असते ते यातून दिसते.

एकाहून अधिक बिंदू, आणि मुक्त नसलेला ऑपरेटर

बिंदू अनेक असले तरी कृती तीच. प्रत्येक बिंदूसाठी एक भ घ्यावा आणि प्रत्येक बिंदूपाशी तीच अट लिहावी. मात्र एका बिंदूपाशी पाहताना इतर बिंदूंची ग-फलने नियमित भागात मोजावी लागतात. त्यामुळे (अ + क) च्या जागी एक मॅट्रिक्स येते: कर्णावर अ + क, आणि कर्णाबाहेर त्या दोन बिंदूंमधील अंतरासाठीच्या ग चे ऋण मूल्य. मॅट्रिक्सचा निश्चयक शून्य होईल तेथे बद्ध अवस्था. अनंत मितींचा प्रश्न अशा रीतीने सांत मॅट्रिक्सवर येऊन थांबतो, यातच या पद्धतीची खरी किंमत आहे.

दोन सारखे बिंदू ल अंतरावर ठेवून पाहावेत. सम अवस्थेसाठी अ + क = ई^(−कल) ÷ ल असे समीकरण मिळते, आणि अ हा १ ÷ ल पेक्षा लहान असेल तर त्याला धन उत्तर असते. अ = ० घेतला, म्हणजे एकेकट्या बिंदूला बद्ध अवस्था धरण्याची ऐपत नेमकी नाही, तरी दोघे मिळून ती धरतात: कल = ०.५६७ आणि ऊर्जा −०.३२ ÷ ल². हे दोन बिंदू जड कण मानले आणि मधला हलका कण ही बद्ध अवस्था व्यापतो असे समजले, तर जड कणांमध्ये अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातील दूरगामी आकर्षण तयार होते, जरी मूळ बलाचा पल्ला शून्य असला तरी.

मूळ ऑपरेटर मुक्त नसेल, तर ग च्या जागी त्या ऑपरेटरचे ग्रीन फलन घ्यावे आणि आरंभबिंदूपाशी त्यातून १ ÷ र वजा करून जो स्थिरांक उरतो तो −क च्या जागी वापरावा. बाकी सगळे तसेच राहते. सारख्याच हार्मोनिक सापळ्यात अडकवलेल्या दोन थंड अणूंसाठी बुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हे गणित केले. सापळ्याच्या एककांत शून्य कोनीय संवेगाच्या सापेक्ष गतीच्या मूळ पातळ्या ३/२, ७/२, ११/२ अशा असतात; अ = ० असता त्या नेमक्या एकेक एककाने खाली येऊन १/२, ५/२, ९/२ होतात. आपण लिहिलेला संगणक-कार्यक्रम बरोबर आहे की नाही हे तपासायला ही उत्तरे उत्तम आहेत.

कृती कोठे थांबते

दोन कणांमधील बल बिंदूवर एकवटून तीन एकसारखे बोसॉन घेतले, तर सीमा-अट आता एका बिंदूवर नसून दोन कण एकत्र येतात त्या संपूर्ण प्रतलांवर घालायची असते, आणि भ ही संख्या न राहता फलन होते. अट दिसायला तीच असते, म्हणून वरची पद्धत जशीच्या तशी चालेल असे वाटते. ती चालत नाही. थॉमस यांनी १९३५ सालीच दाखवले होते की बलाचा पल्ला शून्याकडे नेताना दोन कणांची ऊर्जा स्थिर ठेवली तरी तीन कणांची ऊर्जा तळाशिवाय खाली जाते. १९६१-६२ मध्ये मिन्लोस आणि फाद्देयेव यांनी यामागचे कारण ऑपरेटरच्या भाषेत उलगडले: द्विकणी अटींनी मिळणारा ऑपरेटर सममितच राहतो, त्याला स्वयंसंलग्न करायला तिन्ही कण एकत्र येतात त्या ठिकाणी आणखी एक प्राचल द्यावे लागते, आणि ते दिल्यावरही वर्णपटाला तळ मिळत नाही.

म्हणून तीन बोसॉनांचे गणित करणाऱ्याने द्विकणी प्रकीर्णन-लांबीबरोबर त्रिकणी प्राचलही स्वतंत्रपणे मोजून घालावे, आणि बलाच्या खऱ्या पल्ल्याहून आखूड लांबीच्या, म्हणजे फार खोल गेलेल्या, पातळ्यांना भौतिक अर्थ देऊ नये. उरलेल्या उथळ पातळ्या मात्र खऱ्या असतात. अ = ० असता त्या भूमितीय श्रेणीत बसतात: प्रत्येक अवस्था आधीच्या अवस्थेच्या सुमारे २२.७ पट मोठी आणि तिची बंधनऊर्जा सुमारे ५१५ पट कमी. एफिमोव्ह यांनी १९७० साली हे भाकीत केले, आणि २००६ साली इन्सब्रुकमधील प्रयोगात अतिथंड सीझियम वायूतून अणू निसटण्याच्या वेगावरून अशा त्रिकणी अवस्थेचा पहिला पुरावा मिळाला.